हलका कॅमेरा कुठला घ्यावा? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं होतं की फिरायला जाताना अन् रोजच्या वापरात सोबत राहील अशा हलक्या कॅमेऱ्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर पत्रं भरपूर आली, सगळी छापणं शक्य नाही म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत अन् नावं न देता फक्त नागपुरातली किंवा आसपासची वस्ती दिली आहे. एक गोष्ट आधीच सांगते कारण ती पुढे सारखी येणार आहे. दुकानात आपण नुसती बॉडी हातात घेतो अन् खूश होतो, पण दिवसभर खांद्यावर असते ती अख्खी पिशवी, त्यात लेन्स, चार्जर, जास्तीची बॅटरी, पाण्याची बाटली अन् ती पिशवी स्वतः, तेव्हा वजन या सगळ्याचं मोजायचं. खाली बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची, जी वजनं दिलीत ती बॅटरी-कार्डसकट आहेत.

मानेवाड्याहून एक काका लिहितात: ताई, रिटायर झाल्यापासून मी अन् मिसेस फिरून राहिलो. माझ्याकडे निकॉनचा डी५६०० आहे, १८-१४० अन् ७०-३०० अशा दोन लेन्स. राजस्थानला गेलो तर खांदा असा भरून आला की नंतर बॅग हॉटेलातच राहिली. मुलगा म्हणतो सगळं विका अन् मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घ्या. घेऊ का?

काका, थोडं थांबा, मुलाचं ऐकायच्या आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. तुमचा डी५६०० भरतो ४६५ ग्रॅम. १८-१४० लेन्स ४९० ग्रॅम, म्हणजे लेन्स बॉडीपेक्षा जड. ७०-३०० जर नवीन एएफ-पी वाली असेल तर ४१५. झाले १३७० ग्रॅम, अजून बॅग धरलीच नाही, अन् त्या दुकानात फुकट मिळणाऱ्या जाड पॅडिंगच्या बॅगा रिकाम्याही चांगल्याच जड असतात. आता मिररलेसकडे या. निकॉनचाच झेड५० टू घेतला तर बॉडी ५५० ग्रॅम, तुमच्या जुन्या बॉडीपेक्षा जास्त! त्याची छोटी १६-५० किट लेन्स मात्र फक्त १३५ ग्रॅमची आहे म्हणून जोडी ६८५ वर येते. पण तुमच्याच डी५६०० ला निकॉनची ३५ एफ१.८ डीएक्स लेन्स लावली (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्स जास्त प्रकाश आत घेते), ती २०० ग्रॅमची, तर होतात ६६५. म्हणजे मिररलेस घेतला की वजन आपोआप उतरतं हे खरं नाही, लेन्स लहान केली की उतरतं.

म्हणून पहिलं काम पैसे न खर्चता करा. राजस्थानचे फोटो कॉम्प्युटरवर उघडा, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फोकल लेंग्थ लिहिलेली असते ती बघा (लेन्सच्या नावातले १८, १४०, ३०० हे आकडे म्हणजे तीच, मिलिमीटरमध्ये, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), सगळ्यांची नाही, तुम्ही नातेवाइकांना पाठवले किंवा प्रिंट काढले तेवढ्यांचीच. बहुतेक घरी असं दिसतं की ते फोटो १८ ते ५५ च्या मधले आहेत अन् ७०-३०० नुसतीच फिरून आली. तुमचंही तसंच निघालं तर ती घरी ठेवा, १८-१४० च्या जागी साधी एएफ-पी १८-५५ व्हीआर घ्या, ती २०५ ग्रॅमची आहे, सेकंडहँड सहज मिळते, झालं तुमचं किट ६७० ग्रॅमचं. ३५ ची लेन्स घेतलीत तर तिच्यात व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सांभाळणारी सोय, नाही हे लक्षात ठेवा, शटर १/६० सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका, अन् महालातल्या दालनात मागे सरकायला जागा नसते तिथे फोनचा वाइड कॅमेरा वापरा, त्यात काही कमीपणा नाही.

हां, मिररलेस घ्यायची दुसरी कारणं आहेत अन् ती चांगली आहेत, डोळा ओळखून फोकस धरतो, आवाज न करता फोटो निघतो, उजेड कमी-जास्त झाला तर फोटो काढायच्या आधीच दिसतं. ती हवी असतील तर अवश्य घ्या. कॅननचा आर५० ३७५ ग्रॅम अन् त्याची १८-४५ लेन्स १३०, म्हणजे ५०५ ग्रॅममध्ये व्ह्यूफाइंडरसकट काम होतं. निकॉन झेड३० लेन्ससकट ५४० आहे पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही, अन् तुम्हाला वाचायचा चष्मा असेल (साठीनंतर असतोच) तर मी व्ह्यूफाइंडर सोडू नका म्हणेन, कारण व्ह्यूफाइंडरला बाजूला एक छोटं चक्र असतं, त्याने आपल्या नंबराप्रमाणे जुळवून घेता येतं, मागच्या स्क्रीनसाठी मात्र दर वेळी चष्मा काढ-घाल करावा लागतो अन् जैसलमेरच्या उन्हात तर स्क्रीन दिसतच नाही.

धरमपेठहून एक विद्यार्थिनी: ताई, मला बर्डीचा बाजार, मारबतची मिरवणूक असं शूट करायला आवडतं. फोन बऱ्यापैकी चांगला आहे. बजेट सत्तर हजारपर्यंत. रोज कॉलेजच्या सॅकमध्ये राहील असं काहीतरी हवं, पण फोनपेक्षा खरंच वेगळं काय मिळेल?

भर दुपारच्या उन्हात, स्थिर गोष्ट, अन् बघणार फोनवरच, तर फार काही वेगळं मिळणार नाही, हे आधी स्पष्ट सांगते म्हणजे पैसे कशासाठी देतोय ते कळेल. फरक पडतो तो उजेड कमी झाला अन् समोरचं माणूस हलत असलं की. फोन रात्री एकामागून एक बरेच फ्रेम घेऊन ते जोडतो, त्यामुळे इमारत सुंदर येते पण नाचणाऱ्या माणसाचे हात पुसल्यासारखे होतात. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी चिप म्हणजे सेन्सर, त्यातला ज्याला क्रॉप सेन्सर म्हणतात तो साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो, चांगल्या महागड्या फोनच्या मुख्य सेन्सरपेक्षाही क्षेत्रफळ चार-पाच पट, एकाच क्लिकमध्ये तेवढा जास्त प्रकाश गोळा होतो, म्हणून जोडाजोडी करावी लागत नाही.

मारबतचंच घ्या ना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला निघते, काळी अन् पिवळी दोन्ही मारबती, सोबत बडगे, हे सगळे पुतळेच, इतवारीच्या गल्ल्या गच्च भरलेल्या, आभाळ बहुतेक वेळा भरून आलेलं. तिथे लांबची झूम लेन्स निरुपयोगी आहे, समोर पाच डोकी येतात. तिथे वाइड लेन्स घेऊन गर्दीत आत शिरायचं, पुतळा अन् माणसांचे चेहरे एकाच फ्रेममध्ये आले पाहिजेत. आर५० ची १८-४५ किंवा झेड३० ची १६-५० त्यासाठी पुरते. तुझ्या बजेटमध्ये या दोघांपैकी एक किटसकट बघ, सणासुदीला भाव खालीवर होतात म्हणून दोन-तीन दुकानं फिर, अन् सगळे पैसे बॉडीवर घालू नकोस, एक जास्तीची बॅटरी अन् एक चांगलं कार्ड एवढ्यासाठी बाजूला ठेव. कार्ड ६४ जीबीचं, वर व्ही३० लिहिलेलं, पुरेसं आहे.

पुढे कधी दुसरी लेन्स घेशील तेव्हा छोटी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घे. निकॉनवर २४ एफ१.७ आहे १३५ ग्रॅमची, कॅननवर २८ एफ२.८ आहे १२० ग्रॅमची, अगदी चपटी, लावली की कॅमेरा सॅकच्या पुढच्या कप्प्यात जातो. मला स्वतःला संध्याकाळच्या बाजारासाठी २४ एफ१.७ जास्त आवडते, बर्डीला दिवे लागले की त्या एफ१.७ चा फार उपयोग होतो. अन् दोन्ही कॅमेरे पावसात भिजण्यासाठी बनवलेले नाहीत, मारबतला जाताना एक मोठी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी अन् रबरबँड खिशात ठेव, लेन्सपुरतं भोक पाडलं की भागतं.

मनीषनगरहून: मी आयटीत आहे, ऑफिसमधले सगळे म्हणतात घ्यायचा तर फुल फ्रेमच घे नाहीतर नंतर पस्तावशील. पण मला ट्रेकिंगलाही न्यायचा आहे. काय करू?

गंमत अशी आहे की आज ज्याला फुल फ्रेम, म्हणजे मोठा सेन्सर, म्हणतात तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा फ्रेम मुळात हलक्या कॅमेऱ्यासाठीच जन्माला आला. जर्मनीत ऑस्कर बारनॅक नावाचे तंत्रज्ञ होते, त्यांना दम्याचा त्रास होता, त्या काळचे काचेच्या प्लेटचे जड कॅमेरे घेऊन डोंगर चढणं त्यांना झेपायचं नाही, म्हणून त्यांनी सिनेमाची फिल्म आडवी चालवून तिच्यावर दुप्पट मापाचा फ्रेम घेणारा छोटा कॅमेरा बनवला, तोच लायका, १९२५ मध्ये बाजारात आला. त्या वेळच्या मानाने हा फ्रेम अगदी लहान होता. तेव्हा लहान सेन्सर म्हणजे हलक्या प्रतीचा हे डोक्यातून काढून टाका.

आता तुमचं. फुल फ्रेम बॉडी आता हलक्या मिळतात, सोनी ए७सी ५०९ ग्रॅमचा आहे अन् त्याची २८-६० लेन्स १६७ ग्रॅमची, म्हणजे ६७६, वाईट नाही. पण ती लेन्स एफ४ ते ५.६ आहे. म्हणजे मोठ्या सेन्सरने जे मिळवलं त्यातलं बरंचसं अंधाऱ्या लेन्सने परत गेलं, क्रॉप सेन्सरवर एफ१.७ ची छोटी प्राइम लावली तर कमी उजेडात तुम्ही त्याच्या पुढेच असाल. मग माणूस म्हणतो चला २४-७० एफ२.८ घेऊ, सोनीची नवीन जीएम टू ६९५ ग्रॅमची आहे अन् ती त्यांच्यात हलकी समजली जाते, म्हणजे आता गळ्यात सव्वा किलोच्या आसपास. इथेच ट्रेकिंग संपतं. शिवाय प्रिंटचा हिशोब करा, २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो, इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी २० बाय १३ इंचाची प्रिंट निघते, दिवाणखान्याच्या भिंतीला पुरते. लग्नं शूट करायची असतील, रात्रीचं आकाश हा खास शौक असेल तर फुल फ्रेम घ्या. ट्रेकला मी क्रॉप सेन्सरच म्हणेन, किंवा मायक्रो फोर थर्ड्स, ऑलिम्पस अन् पॅनासॉनिकनं २००८ मध्ये आणलेली पद्धत, त्यात सेन्सर अजून लहान म्हणून लेन्स फारच लहान, ४५ एफ१.८ ची पोर्ट्रेट लेन्स अवघी ११६ ग्रॅम, पॅनासॉनिकची १२-३२ झूम ७० ग्रॅम. आपल्याकडे दुकानात ती कॅनन-निकॉनइतकी सहज दिसत नाही, एवढीच अडचण.

खामल्याहून एक जोडपं: उन्हाळ्यात ताडोब्याला जायचं बुकिंग झालंय. मोठमोठ्या तोफा घेऊन बसलेले लोक बघून वाटतं आपला छोटा कॅमेरा काय कामाचा. भाड्याने ६०० ची लेन्स घ्यावी का?

भाड्याने घ्यायला हरकत नाही पण पहिल्यांदाच हातात घेणार असाल तर नका घेऊ, जिप्सीत सहा माणसं असतात, एवढी लेन्स फिरवायला जागा लागते, सवय लागते, वाघ समोर येऊन निघून जातो तरी फोकस जुळत नाही असं होतं. आपला वाघ पुष्कळदा रस्त्यावरूनच चालत येतो, तेव्हा लांब लेन्सवाल्यांना नुसतं नाक मिळतं.

हलक्यात काय काय आहे ते सांगते. आर५० असेल तर ५५-२१० लेन्स, २७० ग्रॅमची, दोन्ही मिळून ६४५, पोच फुल फ्रेमच्या हिशोबाने ३३६ पर्यंत, कारण लहान सेन्सरवर तीच लेन्स जास्त जवळचं दाखवते. निकॉन झेड५० टू वर ५०-२५०, लेन्स ४०५ ग्रॅम, पोच ३७५, ही लेन्स तिच्या किमतीच्या मानाने खूपच शार्प आहे. पक्षीही हवे असतील तर कॅननची आरएफ १००-४००, ६३५ ग्रॅमची, आर१० वर लावली तर जोडी एक किलोच्या जरा वर अन् पोच ६४० पर्यंत, एवढ्या वजनात एवढी पोच पूर्वी मिळतच नव्हती, पण ४०० ला ती एफ८ असते हे धरून चाला. ओएम-५ या मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यावर ७५-३०० लावली तर ८३७ ग्रॅममध्ये ६०० ची पोच.

सकाळच्या पहिल्या तासात उजेड फार कमी असतो. एफ६.३ च्या लेन्सने चालणारा वाघ टिपायला शटर १/५०० सेकंद हवं, त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, ३२०० किंवा ६४०० करावा लागला तर बिनधास्त करा, दाणे आलेला फोटो चालतो, हललेला फोटो नाही चालत. ऑटो आयएसओ लावून कमीत कमी शटर १/५०० ठरवून टाका, मग डोकं वाघाकडे मोकळं राहतं. ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर सगळ्या गाडीची थरथर फोटोत येते. तिपाई नेऊ नका, एका कापडी थैलीत तांदूळ भरून तोंड शिवून टाका, जिप्सीच्या दांड्यावर ठेवा अन् त्यावर लेन्स टेका.

धूळ भयंकर असते, म्हणून जंगलात लेन्स बदलायची नाही, गेटवर जी लावली तीच परत येईपर्यंत. अन् गाभा क्षेत्रात मोबाईल नेता येत नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे जिप्सीतला घरच्यांचा फोटो फोनवर काढू असा विचार असेल तर तो गेटच्या बाहेरच काढून घ्या. एप्रिल-मेमध्ये साडेआठ-नऊनंतर जमिनीतून गरम हवा उठायला लागते, लांबचं सगळं थरथरतं, तेव्हा लांबच्या पाणवठ्यावरचा वाघ कितीही महाग लेन्सने काढला तरी मऊच येणार, मग बाजूला बसलेल्याची तोफ बघून वाईट वाटून घेऊ नका, त्याचाही तसाच येतोय.

तुमचं बुकिंग उन्हाळ्याचं आहे म्हणून प्रश्न नाही, पण बाकी वाचकांसाठी, गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं अन् मंगळवारी सुट्टी असते.

इंदोऱ्याहून: मला लेन्सच न बदलणारा छोटा कॅमेरा घ्यावासा वाटतो. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जे लोक गावोगावहून येतात त्यांचे फोटो मला काढायचे आहेत. मोठा कॅमेरा काढला की माणसं अवघडतात. पण झूम नसेल तर चुकेल का?

तुमचं निरीक्षण बरोबर आहे अन् मला हा प्रश्न फार आवडला. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे दीक्षा दिली तिथे त्या दिवसाच्या आठवणीने येणारी माणसं ही काही देखावा बघायला आलेली नसतात, पांढऱ्या साडीतल्या आज्या, कडेवर पोरं घेतलेले बाप, पुस्तकांच्या स्टॉलपुढे वाकलेली मुलं, त्यांच्या तोंडासमोर अर्धा फूट लांबीची लेन्स धरणं बरं दिसत नाही. छोटा कॅमेरा असला की आधी दोन शब्द बोलता येतात, कुठून आलात, किती वाजता गाडीत बसलात, मग विचारून फोटो. असे फोटो दुरून झूम करून चोरलेल्या फोटोंपेक्षा कितीतरी चांगले होतात.

रिकोह जीआर थ्री २५७ ग्रॅमचा आहे, पँटच्या खिशात जातो, सेन्सर मात्र मोठ्या क्रॉप कॅमेऱ्याचाच. लेन्स फुल फ्रेमच्या हिशोबाने २८ ची, म्हणजे बरंच जवळ जावं लागतं. त्याचाच थ्री एक्स नावाचा भाऊ ४० चा आहे, एका माणसाच्या फोटोला तो जास्त सोयीचा. दोघांनाही व्ह्यूफाइंडर नाही, ऑक्टोबरच्या उन्हात स्क्रीन दिसायला त्रास होतो, अन् धूळ-पावसापासून सील केलेले नाहीत, लेन्स आतबाहेर होते तेव्हा धूळ आत जाऊ शकते, दीक्षाभूमीबाहेरच्या रस्त्यांवर त्या दिवशी धूळ किती असते तुम्ही जाणताच. फुजीचा एक्स१०० सिक्स ५२१ ग्रॅमचा, त्याच हिशोबाने ३५ ची एफ२ लेन्स, व्ह्यूफाइंडर फार सुंदर, पण महाग आहे. तिसरा मार्ग, फुजी एक्स-एम५ ३५५ ग्रॅम अन् त्यावर २७ एफ२.८ लेन्स ८४ ग्रॅम, मिळून ४३९, पोच साधारण ४१ ची, अन् उद्या वाटलं तर लेन्स बदलता येते. तुमच्या कामाला मी हा तिसरा किंवा थ्री एक्स म्हणेन. २८ च्या लेन्सने अनोळखी माणसाच्या इतकं जवळ जावं लागतं की तुम्ही म्हणता ते अवघडणं परत सुरू होतं.

पण विकत घ्यायच्या आधी एक करा. कुणाचा तरी झूम लेन्सवाला क्रॉप कॅमेरा मागून घ्या, लेन्स २७ च्या आसपास फिरवून त्यावर चिकटपट्टी लावून टाका अन् आठवडाभर तशीच वापरा, महालात जा, कॉटन मार्केटला सकाळी जा. एक-दोन दिवस राग येईल, हात झूमकडे जाईल. आठवडा संपल्यावरही तसंच वाटत असेल तर झूमवालाच घ्या, अन् पाय आपोआप पुढे-मागे व्हायला लागले असतील तर तुम्हाला उत्तर मिळालं.

वाडीहून: मे महिन्यात कॅमेरा गाडीत ठेवला तर चालतो का? अन् घरी कूलरच्या खोलीत ठेवला तर?

दोन्हीला नाही. बहुतेक कंपन्या कॅमेरा ० ते ४० अंशांत वापरा म्हणतात अन् आपल्याकडे मेमध्ये सावलीतच पंचेचाळीसच्या वर पारा जातो, बंद गाडीत तर त्याहून खूप जास्त. बॅटरी फुगते, ग्रिपचं रबर सुटतं. स्कुटीच्या डिक्कीचंही तेच, खाली इंजिनचा ताप अन् वर ऊन. बाहेर वापरताना पांढऱ्या कोरड्या पंचाने (ओल्या नव्हे) झाकून ठेवा अन् लांब व्हिडिओ घेऊ नका.

कूलरचं लोकांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपला कूलर हवेत पाणी मिसळूनच थंड करतो, चार महिने ती खोली दमट असते, त्यानंतर लगेच पावसाळा, अन् लेन्सच्या आत बुरशी धरायला हेच लागतं, ओल, अंधार अन् बंद कपाट. बुरशी एकदा काचेवर चढली की काढणं खर्चिक असतं अन् डागही राहू शकतात. ड्राय कॅबिनेट घ्यायची गरज नाही, घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या अन् एक छोटा आर्द्रता दाखवणारा मीटर, काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. तांदूळ घालून ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर करू नका, तांदूळ ओल फारशी शोषत नाही अन् त्याचा भुगा मात्र सगळीकडे जातो. अन् कॅमेरा वापरत राहा, महिनोन्महिने बंद डब्यात पडलेल्यापेक्षा आठवड्यातून एकदा बाहेर निघणारा कॅमेरा चांगला राहतो.

एसीतून बाहेर काढल्यावर लेन्सवर वाफ धरते का असंही दोघांनी विचारलंय. मेच्या कोरड्या हवेत सहसा नाही धरत. पावसाळ्यात नक्की धरते, तेव्हा एसी गाडीतून उतरताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवा, बाहेरच्या हवेइतका गरम झाला की मग काढा.

सक्करदऱ्याहून: स्कुटीवर जाताना कॅमेरा कुठे ठेवायचा? हँडलला फोन लावतो तसा ॲक्शन स्टँडवर कॅमेरा लावला तर? बॅग कुठली घ्यावी?

हँडलला नका लावू. ॲपलनं २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना कळवलं होतं की मोटरसायकलच्या इंजिनची थरथर सतत लागली तर आयफोनमधल्या कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. मिररलेसमध्येही सेन्सर किंवा लेन्सची काच अशीच तरंगती असते, तेव्हा तो अंगावरच ठेवा, अंग थरथर शोषून घेतं. छोटी स्लिंग बॅग छातीवर आडवी घेतली की सगळ्यात बरं. खास कॅमेऱ्याची म्हणून ओळखू येणारी, मोठं नाव छापलेली बॅग इतवारीच्या गर्दीत मी तरी नेणार नाही. कॅमेऱ्याचा मऊ इन्सर्ट वेगळा मिळतो, तो रोजच्या सॅकमध्ये किंवा भाजीच्या कापडी झोळ्यात टाका. पट्टा रुंद हवा हे जड कॅमेऱ्याला खरं, अर्ध्या किलोच्या कॅमेऱ्याला मनगटाचा पट्टा पुरतो, खिशातून काढताना अडकत नाही.

हिंगण्याहून: सेकंडहँड घ्यायचा झाला तर काय बघावं?

लेन्सच्या मागून फोनचा टॉर्च मारा अन् पुढून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, तिथूनच परत या, भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. धुळीचे एक-दोन कण असले तर काही बिघडत नाही. पांढऱ्या भिंतीचा एफ१६ वर फोटो काढा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते, पण ओरखडा असेल तर नको. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा, डुगडुगली तर फुगली आहे. शटर किती वेळा उडालं ते विचारा. मूळ बिल मागाच, बिल नसलेला कॅमेरा चोरीचाही असू शकतो अन् बाहेरून आणलेलाही, बाहेरून आणलेल्याची वॉरंटी इथे चालेलच असं नाही. अन् व्यवहार दिवसाउजेडी, चार माणसांत, एखाद्या ओळखीच्या दुकानात करा. हलक्या किटसाठी सेकंडहँडमध्ये मला सगळ्यात चांगली वाटते ती प्राइम लेन्स, तिच्यात हलणारे भाग कमी म्हणून बिघडण्याजोगंही कमी.

बेसाहून: पहिल्यांदा विमानाने चाललोय, बॅटऱ्या सामानात टाकल्या तर चालतील ना?

सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्यायच्या, अन् पॉवरबँकही तशीच. मर्यादा १०० वॅट-अवरची आहे, कॅमेऱ्याची बॅटरी साधारण ८ ते १६ ची असते म्हणून तिची चिंता नाही, २०,००० एमएएचची पॉवरबँक ७४ च्या आसपास येते, तीही चालते, फक्त तिच्यावर आकडा छापलेला नीट दिसला पाहिजे, पुसला गेला असेल तर सिक्युरिटीवाले काढून घेऊ शकतात. सुट्या बॅटरीच्या धातूच्या टोकांवर टोपण लावा, टोपण हरवलं असेल तर चिकटपट्टी. तुमचा कॅमेरा यूएसबी-सीने चार्ज होत असेल तर वेगळा चार्जर घरीच ठेवा, फोनचीच केबल अन् पॉवरबँक दोघांना पुरते. कॅमेरा अन् लेन्सही हातातच ठेवा, देशातल्या इकॉनॉमी तिकिटावर हातातल्या बॅगेला साधारण ७ किलो मिळतात, त्यात अर्ध्या-पाऊण किलोचं किट सहज बसतं.